वाईचा बिहार होतो, मेणवलीचा उत्तर प्रदेश होतो. आपल्या सातबाऱ्याचे काय?

२००३ साली ‘गंगाजल’ नावाचा हिंदी सिनेमा आला. गोष्ट बिहारमधल्या तेजपूर जिल्ह्याची. पण आपल्याकडच्या ज्यांनी तो पाहिला, त्यांनी थेटरातच शेजाऱ्याला कोपर मारले असेल, ‘आरं, ही तर आपली वाई!’ त्याआधी १९९७ च्या ‘मृत्युदंड’मध्येही बिहार म्हणून वाईच दिसली होती. २००४ च्या ‘स्वदेस’मधले उत्तर प्रदेशातले चरणपूर म्हणजे आपले मेणवली. २०१० च्या ‘दबंग’मधले लालगंज पुन्हा वाई, आणि २०१३ च्या ‘चेन्नई एक्सप्रेस’साठी तर ह्याच भागात तमिळनाडूतले खेडे उभे राहिले. पसरणी घाट चढून वर गेलात तर पाचगणीच्या न्यू इरा शाळेत २००७ चा ‘तारे जमीन पर’ झाला. एवढे प्रांत आपल्या दोन तालुक्यांनी पोटात घेतले, मतदार यादी मात्र आहे तीच राहिली!

सिनेमावाले महिना-दोन महिने राहतात आणि जातात. मालिकावाले तसे नाहीत. ‘लागिरं झालं जी’ २०१७ ते २०१९ अशी चालली, २०२० मध्ये ‘देवमाणूस’ आली. दोन्ही झी मराठीवर, आणि दोन्हींमागे आपला सातारा जिल्हा. तिकडे कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातला वाडा ‘तुझ्यात जीव रंगला’मुळे घरोघर माहीत झाला. मालिका एकदा गावात शिरली की वर्ष-दोन वर्षे तिचा मुक्काम हलत नाही.

कोणता नट आला, कुणी सोबत फोटो काढला, ह्यावर आपण पारावर पुष्कळ बोलतो. पण तुमच्या दारावरची पाटी बदलून, नव्या भिंतीला काजळी फासून, तुमच्या वावरात चार दिवसांत देऊळ उभे करणारा माणूस कोण, तो काम कसे करतो, आणि त्याच्या कामाचा तुमच्या जमिनीशी नि घराशी कुठे संबंध येतो, हे फारसे कुणी सांगत नाही. आज त्यावर लिहायचे आहे. कारण व्यवहाराची गोम तिथेच आहे.

पडदा रंगवणाऱ्यांचे घराणे

ह्या माणसाला कला दिग्दर्शक म्हणतात. नाटकात त्यालाच नेपथ्यकार म्हणत. आपल्या मुलखाला हा धंदा नवा नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. स्वतः खटपट करून त्यांनी कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट; त्यातला तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी केला होता. बाबूरावांच्याच तालमीत तयार झालेले साहेबमामा फत्तेलाल यांनी पुढे प्रभातमध्ये देखावे उभे केले. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधले देहू हे पुण्यातल्या स्टुडिओत बांधलेले देहू होते, हे पाहणाऱ्याला सांगूनही पटत नसे.

अलीकडचे मोठे नाव नितीन चंद्रकांत देसाई यांचे. मूळचे दापोलीकडचे. त्यांची सुरुवात टीव्हीच्या पडद्यावरच झाली. दूरदर्शनवरच्या ‘चाणक्य’ मालिकेचे पाटलीपुत्र त्यांनी उभे केले. पुढे ‘लगान’साठी कच्छमध्ये भूजजवळच्या कुनरिया गावाशेजारी चंपानेर वसवले, ‘स्वदेस’साठी ते आपल्या मेणवलीत आले, २००५ मध्ये कर्जतला स्वतःचा स्टुडिओ काढला आणि २००८ साली स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका दिली. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा कलावंत २ ऑगस्ट २०२३ रोजी गेला.

आता काम कसे चालते ते बघा.

आधी येते ती ‘रेकी’. एक गाडी, चार-पाच माणसे, गळ्यात कॅमेरा. ती नुसती फिरायला आलेली दिसतात, पण वाड्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, सकाळचे ऊन कुठून येते, विजेचा खांब नि मोबाईलचा टॉवर कुठे आडवा येतो, जनरेटरची गाडी कुठवर शिरेल, हे सगळे त्या दिवशीच टिपले जाते. मग कला दिग्दर्शक कागदावर कल्पनाचित्र काढतो. आता बहुतेक जण ते संगणकावर काढतात. तुमच्या घराचा फोटो खाली, आणि त्याच्यावर नसलेला ओटा, नसलेली कमान, नसलेला पिंपळाचा पार. हे चित्र निर्माता आणि दिग्दर्शक ह्यांनी पसंत केले की मापाचा नकाशा होतो, मोठे काम असेल तर पुठ्ठ्याची प्रतिकृतीही होते, आणि मग याद्या निघतात. सुतारकामाची वेगळी, रंगाची वेगळी, सामानाची वेगळी.

उभारणीतली गंमत अशी की जे दिसते ते तेवढेच असते. सागवानी खांब म्हणून दाखवतात तो आतून पोकळ. दगडी भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट आणि तिच्यावर प्लायवूड. ह्याला ‘फ्लॅट’ म्हणतात. प्लाय बाजारात आठ बाय चार फुटांचे मिळते, म्हणून सगळा सेट त्या मापाच्या हिशेबाने बसवतात. दगडाचा पोत आणायला खऱ्या दगडावरून साचा काढून प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा फायबर ओततात. मग येतो रंगारी, आणि खरा कलावंत मला तोच वाटतो. कालच बांधलेल्या भिंतीला तो शंभर वर्षांची करतो. पन्हाळीखालून पाणी ओघळून पडलेला काळा पट्टा, चुलीवरची काजळी, बैल अंग घासतात तिथली तुळतुळीत जागा, सगळे ब्रशाने. नवे कापड चहाच्या पाण्यात बुचकळून जुने करतात. तुमच्या-माझ्या घरी जे आपोआप होते त्याला तिथे मजुरी पडते!

टीव्हीचे गणित आणखी वेगळे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळच्या पडद्यावर चित्र लहान नि धूसर, त्यामुळे स्टुडिओत तीन भिंती उभ्या केल्या आणि मागे रंगवलेला पडदा सोडला तरी खपून जाई. आजचा पडदा रुंद, ४ बाय ३ चा १६ बाय ९ झाला, आणि चित्र इतके स्वच्छ की भिंतीवरच्या खिळ्याचे डोकेही दिसते. खोटे लगेच कळते. म्हणून मालिकावाल्यांना खरा वाडा, खरा गोठा, खरी विहीर लागते. तुमच्या दारी ते आले ते ह्या कारणाने.

घर भाड्याने, की घराची सवयच भाड्याने?

मालिकेला घर देणाऱ्यांनी एक शब्द पाठ करून ठेवावा: ‘कंटिन्युइटी’. म्हणजे आज घेतलेले दृश्य आणि महिन्याने घेतलेले दृश्य पडद्यावर एकापाठोपाठ एक येऊ शकते, तेव्हा दोन्हींत घर तसेच्या तसे दिसले पाहिजे. ह्याचा अर्थ काय होतो? दिवाळीला तुम्हाला भिंत रंगवता येत नाही. तुळशीवृंदावन हलवता येत नाही. समोरचा आंबा छाटता येत नाही. गोठ्यावरचे कौल काढून पत्रा घालायचा बेत पुढे ढकलावा लागतो. घरकुल मंजूर झाले आणि बांधकाम नेमके चौकटीत येणार असले तर मग बोलायलाच नको. आपण भाडे ठरवतो ते शूटिंगच्या दिवसांचे. पण घर अडकून राहते ते मधल्या सगळ्या दिवसांसाठी. तेव्हा भाडे दिवसावर घ्यायचे की महिन्यावर, आणि शूटिंग नसलेल्या महिन्याचे काय, हे आधी ठरले पाहिजे. माझ्या मते मालिका असेल तर महिन्यावरच घ्यावे, शूटिंगच्या दिवसांचे वेगळे.

दुसरी गोष्ट, भिंतीला हात लावण्याची. कला विभागाला घराचा रंग बदलायचा असतो, कोनाडा बुजवायचा असतो, खिडकी मोठी हवी असते. जुनी भिंत पांढऱ्या मातीची असली तर तिच्यावर ऑइलपेंट चढवू देऊ नका. आतली ओल अडकते आणि पोपडे सुटतात. जुन्या वास्तूत खिळा न मारता काम करता येते, आणि जाणते कला दिग्दर्शक ते करतातच. फ्लॅट स्वतःच्या पायावर उभा करायचा, मागून तिरपा टेकू द्यायचा आणि तळाशी वाळूची पोती ठेवायची. मेणवलीचेच बघा. नाना फडणविसांचा वाडा, घाट, देवळे, आणि वसईच्या मोहिमेतून आलेली १७०७ सालची घंटा. असल्या ठिकाणी एक खिळा चुकीचा गेला तर तो पुन्हा काढता येतो, पण पडलेला टवका पुन्हा बसत नाही.

वावरातला सेट

शेतात सेट उभा राहायचा असेल तर शेतकऱ्याने भाड्याच्या आकड्याआधी मुरमाचा विचार करावा. काळ्या रानात ट्रक नि जनरेटरची गाडी रुतते, म्हणून ही मंडळी वाटेवर मुरूम टाकतात. सेट उठतो, मुरूम राहतो. तो हाताने वेचून निघत नाही, आणि एकदा नांगराखाली मिसळला की ती पट्टी कायमची हलकी पडते. तेव्हा मुरूम टाकायचाच असेल तर खाली जाड ताडपत्री अंथरून टाका म्हणावे, आणि उचलून न्यायची जबाबदारी कागदावर घ्या. चाकांनी दबलेली जमीन एका नांगरटीत मोकळी होत नाही. खोल नांगरटीचा खर्च भाड्यात धरावा. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाजूला काढल्याशिवाय गाडी आत घेऊ नये.

प्लास्टरबद्दल एक गैरसमज होऊ शकतो. ‘प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्समच ना? चोपण जमिनीला घालतोच की आपण!’ मूळ पदार्थ तो, हे खरे. पण सेटच्या मलब्यात रंग असतो, काथ्या असतो, तारेची जाळी आणि खिळे असतात. थर्माकोल तर कुजतच नाही, वाऱ्याने शेजारच्या उसात जाऊन बसते. आणि खिळे-तारेचे दुखणे जनावर पाळणाऱ्याला वेगळे सांगायला नको. गाय-म्हैस चारा चघळून निवडत नाही, ओरबाडून गिळते. चाऱ्यातली तार जाळीच्या पोटात उतरते, तिथून पडदा भेदून काळजाकडे सरकते, आणि चांगले दुभते जनावर खंगून जाते. सेट मोडताना सुतार घाईत असतात, खिळे तिथेच झडतात. म्हणून सेट जिथे उभा होता तिथला कडबा किंवा गवत त्या वर्षी जनावराला घालू नये, आणि शेत ताब्यात घेण्याआधी दोरीला मोठा लोहचुंबक बांधून सगळ्या जागेवरून ओढत न्यावा. काय काय चिकटून येते ते तुम्हीच बघा.

आगीचेही सांगितले पाहिजे. प्लाय, कापड, गोणपाट, रंग आणि वर तापलेले दिवे, म्हणजे सेट हे एक रचलेले सरपणच असते. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ ह्या दूरदर्शन मालिकेच्या सेटला आग लागली आणि ६२ माणसे दगावली. आपल्याकडे सेटच्या बांधाला वाळलेला ऊस, पलीकडे कडब्याची गंज. पाण्याचा टँकर नि आग विझवण्याची नळकांडी जागेवर असल्याखेरीज रात्रीचे शूटिंग होऊ देऊ नये. त्यात कसला आला संकोच!

वेळेचेही भान हवे. पावसाळा संपला की शूटिंगचा हंगाम सुरू होतो, आणि नेमका तोच वर पाचगणी-भिलारकडे स्ट्रॉबेरीचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात लागण, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तोडे. गादीवाफ्यांची हिरवी रांग कॅमेऱ्याला फार आवडते, पण गाड्यांच्या धुळीने माखलेले फळ बाजाराला आवडत नाही. शेजाऱ्याने रान शूटिंगला दिले आणि धूळ तुमच्या फळावर बसली, तर भरपाई कुणाकडे मागायची? हा वाद आधी बसून मिटवलेला बरा.

वर आणखी एक बंधन आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला आहे. झाड तोडणे, खोदाई, बांधकाम ह्यांवर तिथे नियंत्रण आहे. सेट तात्पुरता असला तरी त्यासाठी झाड तोडले वा टेकडी खरवडली तर ते तात्पुरते राहत नाही. टेबललँडसारख्या पठारावर जांभ्यावर मातीचा पातळ थर असतो; एका चाकोरीची खूण किती पावसाळे टिकते ते तिथल्या माणसाला विचारा.

माळ्यावरचे सामान

आता मिळकतीची बाजू. सेटवर लागणाऱ्या वस्तूंना ह्या धंद्यात ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. जातं, उखळ, रांजण, शिंकाळं, कणगी, फडताळ, घडवंची, कंदील, पायली नि शेराची मापे, मोट, पाभर, शिवळा, बैलगाडीची जुनी चाके. मुंबईत हे सामान भाड्याने देणारी गोदामे आहेत आणि त्यांचा धंदा चांगला चालतो. त्यांच्याकडे ते आले कुठून? तुमच्या-माझ्या माळ्यावरून, भंगारवाल्याच्या हातगाडीतून. पितळेचे घंगाळ आपण किलोवर विकतो आणि तेच पुढे दिवसावर भाडे कमावते.

नुसती वस्तूच नव्हे, तिची माहितीही मोलाची असते. मालिकेतला शेतकरी उसात खुरपे घेऊन शिरला की आपण हसतो. अरे, ऊस तोडायला कोयता लागतो! कोणते जू कोणत्या कामाला, पाभरीचे चाडे कसे धरायचे, हळदीच्या काहिलीखाली जाळ कसा घालायचा, हे शहरातल्या कला विभागाला पुस्तकात सापडत नाही. वाईकडच्या हळदवाल्याला ते डोळे मिटून येते. गावातला सुतार, लोहार, कुंभार, गवंडी ह्यांना सेटच्या कामावर घ्यावे, त्यांना रोजाची मजुरी ठरवून मिळावी, ही अट गाव घालू शकते. सारवण, चूल घालणे, गवती छप्पर शाकारणे ही कामे मुंबईच्या माणसापेक्षा आपल्या बायाबापड्या सरस करतात. मग त्यांनी ती नुसत्या चहावर का करावीत?

सरपंच, पोलीस पाटील आणि भाऊसाहेब मंडळींना एक विनंती. आपल्याकडे ‘चार दिसांचं काम हाय, त्यात लिहायचं काय?’ म्हणायची रीत आहे. पण बोलणी करायची खरी वेळ रेकी झाल्यापासून पहिला खिळा ठोकेपर्यंतची. कल्पनाचित्र तुमच्या घाटावर पसंत झालेले असते, तारखा नटांच्या ठरलेल्या असतात. तेव्हा त्यांना तुमची गरज सगळ्यात जास्त असते. सेट उभा राहिला की दोघेही अडकतात, आणि शेवटच्या दिवशी गाड्या भरल्या की तुम्ही एकटेच अडकता.

करारावर सही निर्मिती संस्थेच्या जबाबदार माणसाची घ्यावी, मधल्या कोऑर्डिनेटरची नव्हे. तो बिचारा भला असेल, पण पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या कंपनीत असतो. अनामत रक्कम आधी घ्यावी आणि ती जागा साफ करून, दोघांनी मिळून पाहणी केल्यावरच परत करावी. आधीचे नि नंतरचे फोटो तारखेसह ठेवावेत. गायरान, घाट, रस्ता ह्या जागा कुणा एकाच्या नव्हेत. सरपंचांच्या तोंडी ‘हो’वर तिथे काम चालू होऊ नये. जागा कोणत्या खात्याकडे आहे ते भाऊसाहेबांकडून कागदावर पाहून त्या खात्याची लेखी परवानगी, आणि गावाला मिळणारी रक्कम ग्रामपंचायतीच्या पावतीवर. ‘यात्रेला वर्गणी देतो’ म्हणून रोख हातात टेकवली की पुढे गावात दोन तट पडतात, आणि ते मालिका संपल्यावरही चालू राहतात.

गावाने स्वतःची एक फाईल ठेवली तर खर्च शंभर-दोनशे रुपयांचा. त्यात वाडे, विहिरी, पार, घाट ह्यांचे सकाळचे नि संध्याकाळचे फोटो, मोठी गाडी कुठवर जाते त्याची नोंद, कुणाकडे कोणते जुने सामान आहे त्याची यादी, कारागिरांची नावे नि रोज, आणि ग्रामसभेने ठरवलेले दर. हे लवकर करावे, त्याला आणखी एक कारण आहे. आता परदेशात मोठमोठ्या उजळत्या पडद्यांपुढे नट उभे करून मागे हवे ते गाव दाखवता येते. २०१९ ची ‘द मँडलोरियन’ ही अमेरिकी मालिका तशीच झाली. तुमच्या घाटाचे एकदा बारकाईने फोटो घेतले की तोच घाट स्टुडिओत पुन्हा पुन्हा वापरता येईल, माणसे इकडे फिरकणारही नाहीत. तेव्हा करारात आणखी एक ओळ घाला: काढलेली चित्रे ह्याच कामासाठी, दुसऱ्या कामाला वापरायची असतील तर पुन्हा विचारायचे आणि पुन्हा मोजायचे.